पहिला रेग्युलेटर घेतोय, पुढे टेक डायव्हिंग करायचंय: आत्ता नेमकं काय बघू?

अथांग

मंडळी, आजवर डायव्हिंगला भाड्याच्या रेग्युलेटरवर (टाकीतल्या हवेचा दाब उतरवून ती तोंडापर्यंत पोचवणारं यंत्र) भागवलं. अ‍ॅडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन असलेली हवा) हे कोर्स झालेत, आता स्वतःचा घ्यायचाय. सध्या पाठीवर एकच टाकी, पाणी कोमट, खोली बहुतेक वेळा ३० मीटरच्या आत. पण जीव अडकलाय तो बुडालेल्या जहाजांत. त्यामुळे यथावकाश ट्विनसेट (पाठीवर जोडलेल्या दोन टाक्या), मग डेको (वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावं लागणारी डायव्ह), जमलंच तर ट्रायमिक्स (हेलियम मिसळलेला गॅस) असा बेत आहे.

एक मित्र म्हणतो, आत्ताच पूर्ण टेक सेट घेऊन मोकळा हो. दुसरा म्हणतो, आत्ता साधा घे, नंतरचं नंतर. विक्रेता अर्थातच सगळ्यात वरच्या मॉडेलवर बोट ठेवतो.

पिस्टन की डायफ्रॅम? टाकीला जोडायला योक की डिन? आणि मुख्य म्हणजे आज घेतलेल्यातलं उद्या काय वापरता येईल आणि काय कपाटात पडेल? ब्रँडवरून भांडणं नकोत, प्लीज.

सबमरीन_सखाराम

शेवटचं वाक्य वाचून खुर्ची सरसावून बसलोय.

डेकोदादा

डिन घे. यावर फार चर्चा करायची गरज नाही, पण कारण सांगतो, म्हणजे उद्या कोणी डोकं खाल्लं तर उत्तर देता येईल.

योकमध्ये ओ-रिंग (गळती थांबवणारं रबरी कडं) टाकीच्या तोंडावर उघडी बसलेली असते आणि वरून शिकंजा आवळायचा असतो. डिनमध्ये ओ-रिंग रेग्युलेटरच्या टोकाला असते आणि व्हॉल्व्हच्या आत, चारही बाजूंनी कोंडलेली बसते. ती निसटून बाहेर येण्याची शक्यता खूप कमी. जहाजाच्या आत डोक्यावर लोखंड असतं. तिथे टाकीचा माथा आपटला तर योक जागचा हलू शकतो. योकची मर्यादा २३२ बार, डिन ३०० बारपर्यंत मिळतो. ३०० चा डिन रेग्युलेटर २३२ च्या व्हॉल्व्हमध्ये चालतो. उलटं चालत नाही, आटे कमी पडतात आणि ओ-रिंग तळाला टेकतच नाही. म्हणजे घ्यायचा तो ३०० चाच.

सहलीला गेलास आणि तिथे फक्त योकच्या टाक्या मिळाल्या तर अडॅप्टर लाव. फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग) थोडी मागे सरकते आणि डोक्याला टोचते, एवढाच त्रास. बऱ्याच योक फर्स्ट स्टेज नंतर किट लावून डिन करता येतात, त्यामुळे चांगला योक आधीच हाती आला असेल तर तो फेकायचं कारण नाही.

निळं_विवर

दादांना +१. मी पोर्टबद्दल (फर्स्ट स्टेजवर होज, म्हणजे नळ्या, जोडायची भोकं) लिहिते, कारण खरेदीच्या वेळी लोक पोर्ट मोजतात. मोजू नका, ते कुठे तोंड करून आहेत ते बघा.

ट्विनसेटवर दोन फर्स्ट स्टेज असतात. उजव्या बाजूला साधारण २.१ मीटरची लांब होज आणि विंगची (तरंगण्यासाठी पाठीवर असलेली हवेची पिशवी) इन्फ्लेटर होज. डाव्या बाजूला गळ्यातली सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग), प्रेशर गेज आणि ड्रायसूट (पाणी आत न येणारा पोशाख) असेल तर त्याची होज. म्हणजे एका फर्स्ट स्टेजवर लो प्रेशरच्या फार तर दोन होज. चार लो प्रेशर पोर्ट असलेली कुठलीही फर्स्ट स्टेज हे सहज निभावते. 'टेकसाठी पाच पोर्ट हवेतच' हे ऐकलंत तर हसून सोडून द्या.

ही विभागणी अशीच का, तेही समजून घ्या. गुहेत किंवा जहाजात पुढे सरकताना टाकीचे नॉब छताला घासतात. उजवा नॉब घासला तर उघडण्याच्या दिशेने फिरतो, डावा बंद होण्याच्या दिशेने. डावा नकळत बंद झाला तरी तोंडातली सेकंड स्टेज आणि विंग दोन्ही चालू राहायला हव्यात, म्हणून त्या उजवीकडे. ही रचना फ्लोरिडाच्या गुहांमध्ये घडली. बिल हॉगर्थ मेनच्या नावावरून तिला हॉगर्थियन म्हणतात.

आता दिशेचं. लांब होज उजव्या फर्स्ट स्टेजमधून थेट खाली, विंगच्या मागून कमरेकडे जायला हवी. तिथून छातीवर तिरकी वर येते, मानेमागून फिरून तोंडात. पोर्ट बाहेरच्या बाजूला तोंड करून असेल तर होज कोपऱ्यासारखी बाहेर डोकावते आणि जहाजातल्या पहिल्याच वायरीत अडकते. म्हणून विकत घेण्याआधी फर्स्ट स्टेज हातात घ्या, ट्विनसेटवर बसते तशी कलती धरा आणि प्रत्येक होज कुठे जाईल ते डोळ्यांनी बघा. फिरणारा टरेट (पोर्ट असलेला भाग) असेल तर हे जुळवणं सोपं जातं, त्यातही टोकाला पाचवा पोर्ट असेल तर साइडमाउंटला (टाक्या अंगाच्या बाजूंना लावणं) फार सोयीचं. एपेक्सची डीएसटी, स्कुबाप्रोची एमके२५ किंवा एमके१९ या अशा रचनेच्या. पण टरेट नसलेल्या साध्या फर्स्ट स्टेजवरही ट्विनसेट उत्तम बसतो, फक्त पोर्टांचे कोन बरे हवेत.

खोलपाणी

मी थोडा उलटा सूर लावतो. कोर्सला अजून नाव नोंदवलेलं नाही आणि रेग्युलेटर ट्रायमिक्सचा? टेकची स्वप्नं बघून सुरुवात करणारे पुष्कळजण ट्विनसेटपर्यंत पोचतच नाहीत. काहींना साइडमाउंट आवडतो. काही सरळ रिब्रीदरकडे (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा देणारं यंत्र) जातात. तोवर मॉडेलही बदललेलं असतं. आज चांगला, विश्वासू, साधा रेग्युलेटर घ्यावा आणि डायव्ह कराव्यात. शिकवणारे भेटले की त्यांचा सल्ला घेऊन पुढचं.

निळं_विवर

खोलपाणी, पूर्ण टेक सेट आत्ता घेऊ नये हे मलाही पटतं. पण तुमचा 'साधा' आणि माझा 'साधा' वेगळे असू शकतात. साध्या पॅकेजमध्ये बहुधा एक बरी सेकंड स्टेज आणि एक पिवळा, स्वस्त, मुद्दाम जड ट्यून केलेला ऑक्टोपस (जोडीदारासाठीची जादा सेकंड स्टेज) येतो. लांब होजच्या पद्धतीत तो पिवळा निरुपयोगी.

कारण तिथे जोडीदाराची हवा संपली की तुम्ही *तोंडातली* सेकंड स्टेज त्याला देता. ती चालू आहे, ओली आहे आणि त्या खोलीला योग्य तोच गॅस तिच्यातून येतोय, याची खात्री असते. घाबरलेला माणूस तसाही तीच हिसकावून घेतो. मग तुम्ही गळ्यातल्या रबरी दोरीवर लटकणारी ओढता. म्हणजे दुसरी सेकंड स्टेज पाहुण्यासाठी ठेवलेली नसते. वाईट क्षणी ती तुमच्या तोंडात असणार. ती पहिलीच्या तोडीची हवी.

तर अथांग, माझं गणित असं: एक चांगली फर्स्ट स्टेज आणि एकाच जातीच्या दोन सेकंड स्टेज. आत्ता एका टाकीवर वापरा. ट्विनसेट आला की तशीच दुसरी फर्स्ट स्टेज घ्यायची, होज बदलायच्या, झालं. ट्विनसेट नाहीच आला तरी काही वाया गेलं नाही. रिब्रीदरकडे गेलात तरी बेलआउट (आणीबाणीच्या) सिलिंडरला ओपन सर्किटचा, म्हणजे असाच नेहमीचा, रेग्युलेटर लागतोच.

खोलपाणी

हे मान्य. माझा राग 'टेक' असं छापलेल्या काळ्या खोक्यावर आहे.

सबमरीन_सखाराम

काळ्या रंगाने ५ मीटर जास्त खोल जाता येतं म्हणे.

पाना_पक्कड

रेग्युलेटर उघडून दुरुस्त करणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून पिस्टन-डायफ्रॅमवर लिहितो.

दोन्हींचं काम एकच: टाकीतला २०० बार दाब उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त ठेवायचा. याला आम्ही आयपी म्हणतो, मधला दाब. पिस्टनमध्ये हलणारे भाग कमी, प्रवाह जोरदार. पण स्प्रिंग आणि पिस्टनचा काही भाग पाण्यात उघडा असतो. वाळू, गाळ, मिठाचे खडे तिथे साचतात. कोमट स्वच्छ पाण्यात, नीट धुतला तर वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. गार पाण्यात मात्र दाब उतरताना हवा एवढी थंडावते की उघड्या भागात बर्फ धरू शकतो, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि हवा भसाभस सुटते.

डायफ्रॅममध्ये यंत्रणा पाण्यापासून वेगळी असते. सील केलेल्यात बाहेर आणखी एक पडदा असतो, त्यामुळे स्प्रिंगलाही पाणी लागत नाही. भाग जास्त, सर्व्हिसिंगला वेळ जास्त, पण गाळ आणि थंडी दोन्हींना दाद देत नाही. काही कंपन्या पिस्टनही ग्रीस भरून किंवा अन्य युक्तीने सील करतात, तेव्हा 'पिस्टन म्हणजे कोमट पाणी' असा सरसकट नियम नाही. जहाजात गाळ असतो आणि टेकची चांगली ठिकाणं बरीचशी गार पाण्यात असतात, म्हणून अथांगला मी सील केलेला बॅलन्स्ड डायफ्रॅम सुचवेन.

बॅलन्स्ड म्हणजे टाकीतला दाब २०० वरून ५० वर आला तरी आयपी जवळपास तोच. अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये टाकी रिकामी होत आली की आयपी खाली येतो आणि श्वास जड होतो. मुख्य गॅससाठी तो नको.

पण खरं सांगू? या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारा: हा रेग्युलेटर उघडणारा प्रशिक्षित माणूस मला कुठे भेटेल आणि त्याला सुटे भाग मिळतात का? कोणी वर्षाला सर्व्हिसिंग सांगतं, कोणी दोन वर्षांनी किंवा १०० डायव्हनंतर. ट्विनसेट आणि दोन डेको बाटल्या झाल्या की तुमच्याकडे चार फर्स्ट स्टेज आणि चार सेकंड स्टेज होतात. त्या चार वेगवेगळ्या जातींच्या असल्या की चार प्रकारची किटं, आणि एक नेमकं मिळत नाही. माझ्याकडे महिनोन्‌महिने पडून राहतात ते बिघडलेले नसतात, किटची वाट बघणारे असतात.

लाटांवरची_ती

पाना-पक्कड, वाचनखूण साठवली.

माझी थोडी भर. डब्यावर किंवा फर्स्ट स्टेजवर ईएन २५० हा युरोपियन मानकाचा शिक्का बघा. त्यात ५० मीटरच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर श्वासाच्या वेगाने चाचणी होते आणि श्वासाला लागणारं काम लिटरमागे ३ जूलच्या आत असावं लागतं. २०१४ च्या आवृत्तीत पुढे 'ए' हे अक्षर आलं. ते असेल तर एका फर्स्ट स्टेजवर दोघं श्वास घेतील अशा वापरासाठी तो तपासलेला आहे. '१० अंशांपेक्षा जास्त' अशी खूण दिसली तर तो गार पाण्याचा नाही.

दोघांचा हिशेब करून बघा. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरलं तर ५० मीटरवर, म्हणजे ६ बारला, १२० लिटर. दोघांचे २४०. घाबरून दुप्पट झाले की ४८०. वरच्या मॉडेलची जाहिरात वाचताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे चांगल्या मधल्या श्रेणीच्या फर्स्ट स्टेजला जे जमतं त्यापुढचे आकडे बहुतांश मिरवण्यासाठी असतात हे कळेल.

आणि कितीही महागडी सेकंड स्टेज घेतली तरी दाट गॅस पातळ होत नाही. गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या शिफारशीनुसार गॅसची घनता शक्यतो लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत ठेवावी आणि ६.२ च्या वर जाऊच नये. हवेसाठी या मर्यादा साधारण ३१ आणि ३९ मीटरवर येतात. त्याच्या खाली इलाज हेलियमचा. रेग्युलेटरवर खर्च करायचे पैसे ट्रायमिक्सच्या कोर्ससाठी राखलेले बरे.

अथांग

बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं. खूप आभार. तीन शंका.

१. आत्ता एका टाकीवर २.१ मीटरची होज लावू का?
२. सेकंड स्टेजवर श्वास हलका-जड करायचा नॉब हवा का?
३. नायट्रॉक्स आणि डेकोचा ऑक्सिजन यांसाठी हाच रेग्युलेटर चालेल ना?

निळं_विवर

१. कॅनिस्टर दिवा (बॅटरीचा डबा कमरेला असलेला) नसेल तर २.१ मीटरची होज खोचायला कमरेला आधार नसतो. उघड्या पाण्यात १.५ मीटर पुरते. उजव्या काखेखालून छातीवर, मानेमागून तोंडात. २.१ मीटरची लांबी खरी लागते ती अरुंद वाटेत एकामागे एक पोहून बाहेर पडताना. पण आत्तापासून गळ्यातली बॅकअप आणि तोंडातली देण्याची सवय लावून घ्या. जोडीदाराला डायव्हच्या आधी सांगा, म्हणजे तो तुमच्या छातीवर पिवळा ऑक्टोपस शोधत बसणार नाही. बॅकअपची होज ५६ ते ६० सेंटीमीटर, गेजची ६० च्या आसपास. कन्सोल नको, साधं पितळी गेज आणि क्लिप.

लांब होज मी रबरीच घेते. ती पाण्यात जागेवर पडून राहते, विणलेली हलकी असल्याने तरंगते आणि फुगवटा धरते. शिवाय काही विणलेल्या होजच्या आतल्या पॉलियुरेथेन अस्तरात स्फटिक साचून हवेची वाट तुंबल्याच्या घटना डॅनने (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हिंग सुरक्षेची संस्था) प्रसिद्ध केल्या आहेत. जुनी विणलेली होज वापरत असाल तर लक्ष ठेवा.

पाना_पक्कड

२. तोंडातल्याला नॉब असला तर चांगलं, पाण्याखालच्या स्कूटरवर किंवा प्रवाहात तोंड असताना थोडा जड करून हवा सुटणं थांबवता येतं. बॅकअपला नसला तरी चालतं, तो मी किंचित जड ट्यून करून देतो. साइडमाउंटची शक्यता असेल तर होज डावीकडून लावता येईल अशी सेकंड स्टेज बघा. एपेक्सच्या एक्सटीएक्स मालिकेत ती सोय आहे.

डेकोदादा

३. थांब जरा. हे नीट वाच.

४० टक्क्यांपर्यंतचा नायट्रॉक्स बहुतेक रेग्युलेटरना चालतो. तरी उत्पादकाने काय लिहिलंय ते बघ, युरोपात नायट्रॉक्ससाठी एम२६ आट्यांचा वेगळा व्हॉल्व्हही दिसतो. त्यापुढे, म्हणजे डेकोचा ५० टक्के किंवा शुद्ध ऑक्सिजन, यासाठी रेग्युलेटर ऑक्सिजन-क्लीन (आत तेलाचा अंशही नाही असा साफ केलेला) हवा. ओ-रिंगा आणि ग्रीसही ऑक्सिजनला चालणारं. साधं सिलिकॉन ग्रीस नको. आणि एकदा तसा केला की तो त्याच बाटलीवर राहतो. आज ऑक्सिजनवर, उद्या साध्या हवेच्या टाकीवर असं करायचं नाही. कॉम्प्रेसरच्या हवेतून आलेला तेलाचा अंश आत बसला की सफाई वाया गेली.

टायटॅनियमची फर्स्ट स्टेज कोणी दाखवली तर हात आखडता घे. हलकी असते, दिसते झकास, पण ऑक्सिजनमध्ये टायटॅनियम पेट घेतं, म्हणून ४० टक्क्यांच्या वर नको असं उत्पादकच सांगतात. ऑक्सिजनला पितळ बरं.

ऑक्सिजनची बाटली उघडताना व्हॉल्व्ह अगदी हळू. झटक्यात उघडलास तर आतला गॅस एकदम दाबला जाऊन तापतो आणि आगीला निमित्त मिळतं.

म्हणजे डेकोचे रेग्युलेटर पुढे वेगळे घ्यावे लागणारच. ते आत्ता डोक्यात ठेवून मुख्य रेग्युलेटर निवडू नकोस. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरवर आणि ५० टक्के २१ मीटरवर वापरायचा, तिथे एका माणसाच्या श्वासाला साधा, कमी भागांचा रेग्युलेटरही पुरतो. मुख्य गॅससाठी नको म्हटलेला अनबॅलन्स्ड पिस्टन काहीजण मुद्दाम इथे लावतात.

खोलपाणी

पोसायडनबद्दल कोणीच बोललं नाही? मी वापरतो, श्वास इतका हलका की आहे असं वाटतच नाही.

सबमरीन_सखाराम

आला रे आला, ब्रँड आला.

पाना_पक्कड

भांडण न करता फरक सांगतो, कारण अथांगला तो उपयोगी आहे. नेहमीची सेकंड स्टेज डाउनस्ट्रीम असते. फर्स्ट स्टेजची सीट (व्हॉल्व्ह बंद करणारी गादी) झिजून आयपी चढत गेला की सेकंड स्टेज आपोआप उघडते आणि जादा दाब सुटून जातो. हवा सुटते, पण होज फुटत नाही. पोसायडनच्या जेटस्ट्रीम, एक्सस्ट्रीमचा व्हॉल्व्ह उलट्या बाजूने उघडतो, दाब वाढला की तो अधिकच घट्ट बसतो. म्हणून त्यांच्या फर्स्ट स्टेजवर दाब सोडणारा वेगळा व्हॉल्व्ह असतो. रेग्युलेटर उत्तम, फक्त त्यांची सेकंड स्टेज दुसऱ्या कंपनीच्या फर्स्ट स्टेजवर अशीच लावू नये. सरमिसळ करणाऱ्यांनी हे विसरू नये. हाच प्रश्न ड्रायसूटमध्ये गॅस भरायच्या आर्गॉन बाटलीला येतो. तिथे सेकंड स्टेजच नसते, त्यामुळे तिच्या फर्स्ट स्टेजवरही दाब सोडणारा व्हॉल्व्ह लावावाच लागतो.

अथांग

तर ठरलं असं: ३०० बार डिन, सील केलेला बॅलन्स्ड डायफ्रॅम, पोर्टांचे कोन हातात घेऊन बघायचे, सारख्या दोन सेकंड स्टेज, १.५ मीटर होज आणि गळ्यातली बॅकअप. आधी सर्व्हिसिंगवाला शोधतो, तो जे दोन-तीन ब्रँड नीट करतो त्यातूनच निवडेन. डेकोचं नंतर.

नवा हातात आला की पहिल्या डायव्हच्या आधी घरी काय तपासू?

पाना_पक्कड

इन्फ्लेटर होजला लावायचं छोटं आयपी गेज मिळतं, ते घ्या. टाकी उघडा, सेकंड स्टेजचं बटण दोन-चारदा दाबा. काटा खाली जाऊन लगेच त्याच जागी परत यायला हवा आणि तिथेच थांबायला हवा. पाच मिनिटं सोडून द्या. हळूहळू वर सरकत असेल तर सीट गळतेय, तसाच परत नेऊन द्या. आकडा वहीत लिहून ठेवा. भरलेल्या टाकीवर एकदा आणि ५० बारच्या आसपास एकदा. पुढच्या वेळी माझ्यासारख्याकडे आलात तर ती वही बरोबर आणा, निम्मं काम तिथेच होतं.

आणि धुताना डस्ट कॅप कोरडी करून घट्ट लावा, त्याशिवाय पाण्यात बुडवू नका. बुडालेला असताना सेकंड स्टेजचं बटण दाबू नका, पाणी होजमधून उलटं फर्स्ट स्टेजपर्यंत जातं.